पालथी वाटी

बातमी घेऊन कवडू आला. एकोडीत आमच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, लागूनच त्याची बांधी. पहिल्या गाडीने भंडाऱ्याला उतरून तो थेट आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी शिवणयंत्रावर बसले होते, एका ब्लाउजची बाही जोडत. त्याने पाणी मागितलं. गाडीत गर्दी किती होती ते सांगितलं, धान यंदा बरं निसवलं म्हणाला, माझ्या मुलीची चौकशी केली... माणूस इतकं इकडचं तिकडचं बोलायला लागला की समजावं, खरी गोष्ट अजून त्याच्या घशातच आहे. "काय झालं कवडूभाऊ?" मी विचारलं. दुपट्ट्याने तोंड पुसत तो म्हणाला, "भाऊ गेले वो बाई. झोपेतच गेले." माझे पाय थांबले नाहीत. ते यंत्र चालवतच राहिले आणि सुई पळतच राहिली. "बाई, मशीन!" असं कवडू ओरडला तेव्हा खाली पाहिलं, तर बाहीचं तोंड आरपार शिवलं गेलं होतं.

याला आता काही आठवडे झाले. ती बाही मी उसवून पुन्हा शिवली, ज्यांचा होता त्या बाईंनी ब्लाउज नेलाही, पण माझं मन काही ठिकाणावर आलेलं नाही. चहा ठेवते आणि अंगणात जाते, अंगणात कशासाठी आले ते आठवत नाही. हे लिहायलाही बसते आणि उठते. मुलगी म्हणते, "आई, एका जागी बस ना गं." अशी बस म्हणणारी माणसं माझ्या आयुष्यात पुष्कळ झाली. त्यांतल्या एकाचं मी ऐकायला हवं होतं... पण ते पुढे येईलच.

भाऊ म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. नाव महादेव, पण घर आणि गाव त्यांना भाऊच म्हणे. आमच्या भागात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. समोर जायची वेळ आली तर पदर कपाळाच्या खाली ओढायचा, आणि काही सांगायचं असेल तर ते तिसऱ्याच्या तोंडून. भासरेही ते तितकंच पाळत. अंगणातून आत यायच्या आधी भाऊ मोठ्याने खाकरत, म्हणजे मला बाजूला व्हायला सवड मिळे. मध्ये तिसरं माणूस नसलं तर ते खांबाशी बोलत. "आंघोळीचं पानी तापलं का नाई, कोनाले मालूम," असं ते ओसरीच्या खांबाला म्हणत, आणि मी आतून चुलीला सांगे, "कव्हाचंच तापलं." हे ऐकून आज माझी मुलगी पोट धरून हसते. मलाही तेव्हा हसू यायचं, पण त्याहून जास्त राग यायचा.

कारण मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. आमचं घर हमरस्त्याच्या कडेला, दारावरून दिवसभर मोटारी आणि ट्रक, समोर हॉटेल, शेजारी पंक्चरचं दुकान. गप्प बसणं ही विद्या मला माहेरी कुणी शिकवलीच नव्हती. पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही, असं आई म्हणायची. सत्तर सालानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी एकोडीला आले. सगळीकडे धान, पाणी आणि शांतता. आमचे हे तुमसरला राईस मिलमध्ये कारकून. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायचे. मधले दिवस घरात सासूबाई, जाऊबाई, भाऊ आणि मी. मला तुमसरला जायचं होतं. यांच्याबरोबर एका खोलीत राहायचं होतं, शिवण शिकायचं होतं, माणसांत बोलायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. पण सासऱ्यांच्या मागे यांना भाऊंनीच वाढवलेलं, घर त्यांच्या शब्दावर चाललेलं. मी विषय काढला की हे मान खाली घालून म्हणत, "भाऊले मी कसा म्हनू?" जाऊबाईंना म्हटलं तर त्या तडकल्या, "मिठाचं, पान्याचं सांगतो मी. हे नाई सांगत. मी काय तारघर आहो का?" आणि मी स्वतः तर बोलायचंच नाही. म्हणजे जायचं की राहायचं हे ज्या एका माणसाने ठरवायचं, त्याच्याशी बोलायची सोय मला नव्हती. मी दिवसभर घर-अंगण-विहीर असे हेलपाटे घालायची. सासूबाई म्हणायच्या, "ह्या पोरीनं चालून चालूनच अंगन झिजवलं."

भाऊ तसे कडक. त्यांचं नाव होतं ते निंदणासाठी. धानात सावा म्हणून एक गवत उगवतं, लहान असताना अगदी धानासारखंच दिसतं, आणि मोठं झालं की धानाचं खातं. भाऊ रोज बांधीत उतरून तो उपटत. त्यांच्या बांधीत सावा दिसला तर कवडू गावात पेढे वाटेल, अशी थट्टा होती. कवडूच्या बांधीत मात्र धान शोधावं लागे, आणि दोन्ही बांधींच्या मध्ये नुसता एक धुरा, मातीचा बांध. "तुहा सावा माह्या धुऱ्यावर येते कवडू," असं भाऊ म्हणत आणि कवडू म्हणे, "त्याले माह्याकडे करमत नसन भाऊ." अशा या कडक माणसाचा एकच शौक होता, मुनियांचा. साकोलीच्या बाजारात एक जण हिरवी-पिवळी 'विलायती' पाखरं विकत बसला होता. भाऊंनी ती घेतली, गोठ्याच्या बाजूला बांबूच्या कमच्या रोवल्या, मासे धरणाऱ्या ढिवराकडून बारीक विणीचं जाळं आणून त्यावर ताणलं, आणि माणूस वाकून आत जाईल एवढा पिंजरा केला. पावसाची झड लागली तशी पाखरांचा रंग धुऊन गेला. खालून निघाल्या आमच्याच बोडीच्या, गावतळ्याच्या, काठच्या लाल मुनिया. जाऊबाई कित्येक दिवस सांगत होत्या, "विलायतेहून मानसं आनली, घरी येऊन पाह्यलं तं एकोडीचीच." भाऊंनी पिंजऱ्यात गवताचे झुपके लावले आणि त्या पावसाळ्यात एका जोडीने त्यात घरटंही केलं.

मग गणपती आले. त्या वर्षी पोरांनी पहिल्यांदाच लाउडस्पीकर आणला आणि त्याचा कर्णा बांधला तो गोठ्यामागच्या निंबावर, बरोबर पिंजऱ्याच्या डोक्यावर. मला तर आनंदच झाला, शहापूर घरी आल्यासारखं वाटलं. पण पाखरं भेदरली. जोडी घरट्यापासून जी दूर गेली ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, ती परतलीच नाही. भाऊंनी पोरांना रागावून कर्णा दुसरीकडे हलवला, तोवर उशीर झाला होता. पिंजरा झाडायला मी आत शिरले, तर गवतात घरट्यातून पडलेली पिल्लं. सगळी गार झालेली. आणि एक हलणारं. करंगळीच्या पेराएवढं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसतं पोट आणि चोच. मी त्याला ओंजळीत घेतलं, तसं त्याने मान वाकडी करून खालून वर तोंड उघडलं. आत काळे ठिपके. त्याला जायला जागा नव्हती आणि मलाही नव्हती. मी त्याला घरात घेऊन आले.

आमच्या चुलीजवळच्या भिंतीत एक लहानशी खिडकी होती, पलीकडे ओसरी. पुरुषांना पाण्याचा तांब्या, चहाचा कप आम्ही त्यातूनच द्यायचो, म्हणजे समोर जावं लागत नसे. त्या खिडकीत मी एक गाडगं ठेवलं, आत कापूस घातला, बुडाशी कोमट राख. चुलीची ऊबही तिथं यायची. आणि धान पिकवणाऱ्या घरातली कुणीही बाई करील तेच केलं, त्याला भाताची पेज पाजली. आमच्याकडे आजारी माणसाला पेज, बाळाला पेज, व्यालेल्या गाईलाही पेज. पाखरानेच काय घोडं मारलं? संध्याकाळपर्यंत त्याच्या गळ्याशी पांढरा गच्च फुगा आला आणि त्याने तोंड उघडणं सोडलं. मी घाबरून येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात ओसरीत खाकरण्याचा आवाज आला आणि भाऊ खांबाला म्हणाले, "पेज नोको म्हना. त्याचे मायबाप का पेज रांधत होते? ते सावा खाऊ घालतेत. दुधावर आलेला."

त्या रात्री मी त्याला नुसतं कोमट पाणी थेंब थेंब दिलं. सकाळी भाऊ बांधीवर गेले, सावा आणायला. आणि त्यांच्या बांधीत सावाच नव्हता! एक काडीसुद्धा नव्हती. जन्मभर उपटून उपटून त्यांनी स्वतःच स्वतःची पंचाईत करून ठेवली होती. मग भाऊ कवडूच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. पुढचं कवडूनेच गावभर सांगितलं, आणि बातमी घेऊन आला तेव्हा आमच्या दारात बसून रडता रडता पुन्हा सांगितलं. "काय भाऊ, आज गरिबाच्या बांधीत?" "सावा पायजे." "सावा? तुमाले?" "हो गा. दे ना थोडासा." कवडू म्हणाला, "उपटून न्या भाऊ, पायजे तेवढा न्या. मजुरी नाई मांगत." भाऊंनी ओंबीची पेंडी आणून खिडकीत ठेवली. ओंब्या हिरव्या होत्या, दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध येई. पण ते भरवायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी शोधलं. दाणे तोंडात चावून मऊ करायचे आणि झाडूची काडी तासून तिच्या टोकावर ते पिल्लाच्या घशात ठेवायचे. पातळ कातडीतून एक एक हिरवा दाणा गळ्यात उतरताना दिसे. ते पाहताना मला उठून कुठं जावंसं वाटत नसे.

पण त्याला थोड्या थोड्या वेळाने भरवावं लागे आणि घरात कामं होती. नेमकं त्याच वेळी जाऊबाईंना दिघोरीला जावं लागलं, त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तारघर बंद पडलं. सासूबाई अर्धा दिवस गणपतीच्या मांडवात. भाऊ शेतातून मध्येच येत आणि ओसरीच्या बाजूने पिल्लाला भरवत, मी चुलीच्या बाजूने भरवत असे. कुणी कधी भरवलं हे विचारणार कसं? कमी भरवलं तर मरेल, जास्त भरवलं तर गळा भरेल. तेव्हा भाऊंनीच एक युक्ती काढली. खिडकीत एक पितळी वाटी ठेवली आणि खांबाला समजावून सांगितलं, "भरवलं का वाटी पालथी घालाची. पोराचा गळा रिकामा दिसला का उतानी." झालं. त्या दिवसापासून भाऊ आणि मी वाटीवरून बोलायला लागलो. मी पालथी घालून विहिरीवर जावं आणि येऊन पाहावं तर उताणी, म्हणजे भाऊ येऊन पाहून गेले, आता भरवायची पाळी माझी. पिल्लाच्या अंगावर खुंटासारखी पिसं आली, डोळे उघडले. ते माझ्या आवाजाला ओरडायला लागलं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी त्याला भरवलं. प्रसादाच्या कामाला मांडवात जाताना गळा पुन्हा रिकामा दिसला, म्हणून भाऊंसाठी वाटी उताणी करून गेले. दुपारी आरतीचं ताट न्यायला धावत घरी आले, खिडकीत पाहिलं, वाटी पालथी. म्हटलं, भाऊंनी भरवलं. ताट उचललं आणि बोडीवर निघाले. मला काय ठाऊक की भाऊही माझ्या आधी येऊन, तीच पालथी वाटी पाहून, मी भरवलं असं समजून परत गेले होते. आणि वाटी पालथी कशी झाली? सासूबाईंनी चुलीजवळचं आवरताना ती धुतली होती आणि पाणी निथळायला पालथी घालून ठेवली होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा भाऊ पुन्हा घरी आले. पिल्लू ओरडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. गाडग्यात हात घातला तर ते गार पडत चाललेलं.

बोडीच्या काठावर सगळं गाव. ताशे वाजत होते, गुलाल उडत होता, मी बायकांमध्ये ताट धरून गुडघाभर पाण्यात. आणि त्या गलक्यात मागून कुणीतरी हाक मारली, "सुमन! धाव वो सुमन!" मी वळून पाहिलं. पाळीवर, बोडीच्या बांधावर, भाऊ उभे होते. धोतर खोचलेलं, डोक्याला दुपट्टा नाही, दोन्ही हातांची ओंजळ छातीशी. ताशे थांबले नाहीत, पण माझ्या आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. भासऱ्याने भावसुनेला नावाने हाक मारली होती, तीही साऱ्या गावासमोर. मी ताट शेजारणीच्या हातात कोंबलं आणि ओल्या लुगड्याने धावत सुटले. पदर कुठं होता देव जाणे.

भाऊंनी पिल्लू माझ्या हातात दिलं. त्यांची बोटं माझ्या तळव्याला लागली, तेही मला नंतर आठवलं. घरी पोचेपर्यंत मी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत होते. चुलीत विस्तव होता, त्यावर ओंजळ धरून बसले. भाऊ दारात नुसते उभे. मी ओरडले, "पाहत काय राह्यले? गूळ आना ना! पानी कोमट करा!" भाऊंशी थेट बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं, दटावणीचं. ते निमूट आत आले. माझ्या चुलीशी बसले, फुंकर घातली, गुळाचं पाणी केलं. "एकच थेंब दे, चोचीच्या बाजूनं," ते म्हणाले. "हलून राह्यलं का?" "नाई." "धरून ठेव." "धरलंच आहे ना!" किती वेळ गेला कोण जाणे. मी रडत होते आणि मला आठवतं, भाऊंच्या तोंडावर विस्तवाचा उजेड होता आणि त्यांचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते. मग माझ्या तळव्यात काहीतरी खाजलं. पिल्लाने पाय ताणला होता. थोड्या वेळाने त्याने मान वाकडी करून तोंड उघडलं आणि भाऊ म्हणाले, "मांगलं! खाले मांगलं त्यानं!" दोघंही हसलो. आणि तेव्हाच सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ झटकन उठून ओसरीत गेले, मी पदर शोधला.

वाटीचं कळलं तेव्हा सासूबाई माझ्यावरच उखडल्या. "धुतली वाटी कोनी उतानी ठेवते का वो?" त्यांचं खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी देवळात कुणी बाई कुजबुजली, महादेवनं भावसुनेले नावानं हाक मारली म्हणून, तेव्हा याच सासूबाई तिच्या अंगावर गेल्या, "पाखरू मरून राह्यलं होतं. तुहा बैल विहिरीत पडला तं तू का निरोप धाडशीन?" गावाची तोंडं बंद झाली.

घरात मात्र पुन्हा पहिल्यासारखंच. भाऊ खाकरून आत येत आणि माझा पदर कपाळाखाली. फरक एवढाच की भाऊंनी खांबाशी बोलणं सोडलं. ते आता पिल्लाशी बोलत. पिल्लाचं नाव त्यांनीच मुनीबाई ठेवलं. एका सकाळी खिडकीच्या पलीकडून आवाज आला, "मुनीबाई, तुह्या मालकिनीनं मले दटावलं. तोंड तं चांगलं चालते तिचं. मंग इतके दिवस काही पायजे असन तं मांगत काहून नाई, पुसून पाहा तिले." माझ्या हातातली काडी थांबली. जन्मात पुन्हा असं कुणी विचारणार नव्हतं. मी गाडग्यात तोंड घालून म्हटलं, "मुनीबाई, भाऊले सांगा, मले तुमसरले जाचं आहे. इथं माहा जीव लागत नाई." पलीकडून वहाणांचा आवाज दूर गेला. त्यानंतर शनिवारपर्यंत माझे दिवस कसे गेले ते विचारू नका. त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, त्याचं घर, आणि मी म्हटलं जीव लागत नाही... मला जमिनीने गिळावं असं वाटत होतं, आणि बोलले ते परतही घ्यायचं नव्हतं.

शनिवारी हे आले. जेवणं झाल्यावर भाऊ ओसरीत यांना म्हणाले, मला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "तुमसरले खोली पाहून ठेव. दसऱ्याले घेऊन जा इले. पर पाखरू आपल्या मनानं दाना टिपाले लागल्याबिगर नाई." मी चुलीशी बसून तोंडात पदर कोंबला. आता माझं जाणं त्या एवढ्याशा चोचीत अडकलं होतं.

आणि मुनीबाई काही टिपेना! पंख फुटले, घरभर उडायला लागली, माझ्या खांद्यावर बसून केस ओढायला लागली. पण दाणा समोर टाकला की माझ्याकडे पाहून तोंड उघडायची. नवरात्र बसलं. मी तिला पिंजऱ्यात सोडलं तर जाळीला येऊन लटकायची आणि मी दिसले की ओरडायची. जाऊबाई दिघोरीहून परतल्या होत्या, त्यांच्या तोंडून निरोप आला, "भाऊ म्हनते, तू समोर नोको जाऊ. तू दिसते म्हनून ते टिपत नाई." आजवर भासऱ्यांपासून तोंड लपवत होते, आता पाखरापासूनही लपवायचं आलं. मी गोठ्याच्या भिंतीआड बसून राहायची. एका जागी बसण्याइतकी मोठी शिक्षा मला दुसरी नाही. ती ओरडायची आणि मी कानांवर हात ठेवायची. जावं म्हणून बसले होते आणि तिच्याजवळ धावावं म्हणून जीव तुटत होता, दोन्ही खरं होतं. आणि मग दसऱ्याच्या आधी एका दुपारी भिंतीपलीकडे भाऊ खाकरले. नेहमीपेक्षा जोरात खाकरले. म्हणाले, "टिपलं." एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथंच भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडले.

दसऱ्याला निघताना मुनीबाईला भेटायला मला बंदी होती, पाहिलं की पुन्हा चोच उघडून बसेल म्हणून. मी मागच्या वाटेने निघाले. भाऊंना आपट्याची पानं दिली, म्हणजे त्यांच्या समोरच्या पाटावर ठेवली आणि दुरून नमस्कार केला.

पुढे आम्ही तुमसरहून भंडाऱ्याला आलो, मी शिवण शिकले, शिकवायला लागले, मुलगी झाली. दिवाळीला एकोडीला जायचं ठरलेलं. पहिल्याच दिवाळीला भाऊंनी पिंजऱ्याकडे पाहून विचारलं, "मुनीबाई, गाडीत दिवसभर उपाशी आली असन ते. जेवली का?" मी आत जेवत होते. ताटावरून उठले आणि हात धुऊन खिडकीतली ती वाटी पालथी घातली. भाऊ उठले आणि पाटावर येऊन बसले. तेव्हापासून तोच रिवाज पडला. मी एकोडीला गेले की वाटी उताणी असे. माझं जेवण झाल्यावर मी ती पालथी घालायची आणि मगच भाऊ जेवायचे. जाऊबाई म्हणत, "बाईमानसाच्या मांगून जेवनारा हा गावातला पयलाच मानूस." मुनीबाई काही वर्षं जगली आणि एका उन्हाळ्यात गेली. बाकीच्या मुनिया भाऊंनी जाळ्याची कड उचलून सोडून दिल्या. पण बोलायचे ते रिकाम्या पिंजऱ्याशीच. आणि पावसाळ्यात बांधी निंदताना एका धुऱ्याला ते हात लावू देत नसत. तिथं सावा उभा. कवडू येता-जाता म्हणे, "भाऊ, तुमचा सावा माह्या बांधीत येऊन राह्यला." "करमत नसन त्याले," भाऊ म्हणत.

जग बदललं. आता कितीतरी घरांत सुना भासऱ्यांशी बोलतात, चहाही समोर नेऊन देतात. आम्हालाही कुणी अडवलं नसतं. पण आम्हा दोघांची जीभ वळली नाही. या उन्हाळ्यात मी गेले होते तेव्हा भाऊ फार थकले होते. ओसरीत बसून होते, पाय सुजलेले. मी निघाले, पिशवी हातात. त्यांनी पिंजऱ्याकडे मान वळवली. "मुनीबाई, शिवनाच्या बाईले म्हना, बस ना जराशी. काहून घाई करून राह्यली?" मी पिंजऱ्याला सांगितलं, "गाडीची वेळ झाली." आणि निघाले. गाडी त्या दिवशी उशिरा आली. फाट्यावर उभी राहून मी चप्पल आपटत होते, परत जाऊन बसावं हे काही सुचलं नाही.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. पिंजऱ्याचं जाळं कधीच फाटलं होतं, कमच्यांना आता दोडक्याचा वेल चढलाय. जाऊबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊ गेल्यापासून त्यांनी धड जेवण केलं नव्हतं. घरच्या बायका विनवून थकल्या होत्या, "नाई जात वो घशाखाली," एवढंच त्या म्हणायच्या. मीही मनधरणी केली, ऐकलं नाही. पंगती उठल्या. मी बायकांबरोबर कसेबसे चार घास खाल्ले. हात धुतला आणि सवयीने खिडकीशी गेले. वाटी होती. उताणी. पलीकडे ओसरी रिकामी, खांब आणि सतरंजी. पाहणारं कुणी नव्हतं. तरी मी ती पालथी घातली आणि पिशवी उचलायला वळले.

"पालथी घातली का?" आतून जाऊबाईंचा आवाज आला. त्यांना तिथून खिडकी दिसत होती. मी म्हटलं, "हो बाई." त्या जरा वेळ वाटीकडे पाहत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पाट ओढून चुलीशी बसल्या. "वाढ मंग," म्हणाल्या. "आजपासून मी पाहीन वाटी."

मी त्यांना वाढलं आणि शेजारी बसले. त्या हळूहळू जेवत होत्या, एक घास, मग बराच वेळ नुसता हात ताटात. बाहेर कुणीतरी ओरडलं, भंडाऱ्याची शेवटची गाडी येते, कोण कोण आहे? मला फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, नंतर निघाल्याचाही. मी उठले नाही. जाऊबाईंचं ताट संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.